हात तपासले

गोटीने ताटलीतलं पाणी तिसऱ्यांदा ओतून दिलं आणि बुडाशी उरलेली काळी रेती मनगटाच्या हलक्या झटक्याने एका कडेला सरकवली. रेतीच्या शेपटीला, अगदी शेवटी, एक पिवळा ठिपका दिसला. श्वास रोखला की हात हलतो, हे तिला याच प्रयोगशाळेत शिकवलं होतं, म्हणून ती सावकाश श्वास घेत राहिली. मग ब्रशचं टोक जिभेवर ओलं करून तिने तो ठिपका उचलला आणि काचेच्या पट्टीवर ठेवला.

"सापडलं का काही?" पलीकडच्या टेबलावरून प्रयोगशाळेच्या सहायकबाईंनी विचारलं.

"माती," गोटी म्हणाली.

"दोन महिने झाले, मातीच धुतेयस. दुसऱ्या पोरांनी चांगले चकचकीत विषय घेतले. तुलाच कुठून ही बुद्धी सुचली?"

गोटी हसली. बाईंना ती आवडायची. विभागात ती सगळ्यांनाच आवडायची, कारण ती वेळेवर यायची, काचेची भांडी धुऊन ठेवायची आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. मनात सूड घेऊन बसलेली माणसं बहुधा नीटनेटकी असतात.

पडली तरी रडायची नाही, उलट जमिनीलाच लाथ मारायची, म्हणून लहानपणी अण्णा तिला गारगोटी म्हणायचे. गारगोटीची गोटी कधी झाली ते तिलाही आठवत नव्हतं. शाळेत, कॉलेजात, वसतिगृहात, सगळीकडे ते नाव तिच्या आधीच जाऊन पोचायचं.

त्या पिवळ्या ठिपक्याची गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. एका डोंगराच्या उतारावर एक खाण कंपनी सोनं शोधत होती. जमिनीत खोल बोअर मारायचे, आतला दगड बाहेर काढायचा, त्यातला मऊ, भुसभुशीत भाग चाळणीवर हाताने घासून त्याची भुकटी करायची आणि पुड्या बांधून तपासणीला पाठवायच्या. अण्णा तिथे नमुन्यांची शेड सांभाळत. सोळा बोअर कोरडे गेले. सतराव्या बोअरच्या अकरा पुड्यांत सोनं निघालं. कंपनी हुरळून गेली, आजूबाजूला आणखी वीस बोअर मारले आणि त्यांतून खड्याएवढंही काही हाती लागलं नाही. मग चौकशी बसली. नमुन्यात कुणीतरी बाहेरून सोनं मिसळलं, असं ठरलं.

कुणी, ते अहवालात लिहिलं नव्हतं. तिथल्या तरुण भूवैज्ञानिकाने एवढंच लिहिलं होतं की नमुन्यांच्या शेडची किल्ली एकाच माणसाकडे असे. तेवढं पुरलं. अण्णांना त्याच आठवड्यात काढलं आणि पुढे कुठल्याही खाणीच्या फाटकातून आत घेतलं नाही. तेव्हापासून ते एका फरशीच्या दुकानात ओट्यांचे दगड कापत होते.

कंपनी बुडाली. त्या भूवैज्ञानिकाला विद्यापीठात नोकरी लागली. येताना त्याने कंपनीच्या उरलेल्या पुड्या आणि वह्या 'विद्यार्थ्यांना उपयोगी पडतील' म्हणून बरोबर आणल्या. आज तो विभागप्रमुख होता. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं भिंग असायचं, म्हणून पोरं त्याला भिंगसर म्हणत.

गोटी अठराव्या वर्षी याच विभागात शिकायचं म्हणून हटून बसली, तेव्हा अण्णा दोनदा म्हणाले होते, "दुसरं काहीतरी घे." तिला वाटलं, बापाच्या जुन्या जखमेला धक्का लागतोय. तिने आणखी हट्ट धरला.

भिंगसर चांगलं शिकवायचे. हे गोटीला फार जाचायचं. दगड हातात घेऊन ते असं बोलत की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा फोन खाली ठेवत. पहिल्या वर्षी त्यांनी गोटीचं नाव सगळ्यांसमोर घेतलं, पाचव्या वर्षी तिला आपल्या हाताखाली प्रबंधाला घेतलं, आणि तिने जुन्या नमुन्यांची फेरतपासणी हा विषय मागितला तेव्हा क्षणभर थांबून भांडाराची किल्ली खिशातून काढून दिली. तिने ती घेतली आणि 'थँक्यू सर' म्हणाली. गुरूची विद्या गुरूलाच द्यायची, असं तिने फार आधी ठरवून ठेवलं होतं.

दुपारी तिने तो ठिपका मोठ्या यंत्राखाली ठेवला. यंत्र चालवणारा तंत्रज्ञ खुर्चीत मागे रेलून फोन बघत होता. पडद्यावर आकडे आले. सोनं एक्क्याण्णव टक्के, चांदी तीन, तांबं पाच.

"तांबं जास्त दाखवतंय," तंत्रज्ञ म्हणाला. "यंत्र पुन्हा लावून बघू का?"

"नको. आधीच्या सहांचंही एवढंच आलं होतं."

खाणीतल्या सोन्यात चांदी असते. एवढं तांबं सहसा नसतं. तांबं सोनार घालतो.

म्हणजे सोनं दागिन्यातलं होतं. कुणाच्या, हे वहीने सांगितलं. कंपनीच्या वहीत प्रत्येक पुडीसमोर रकाने होते: बोअर, खोली, तारीख, चाळणारा, आणि पुढे आणखी एक-दोन. सतराव्या बोअरच्या चौतीस पुड्या. त्यांतल्या तेवीस एका गड्याने चाळलेल्या, आणि त्यांत काही नव्हतं. मग तो गडी तापाने आजारी पडला आणि सहा दिवस चाळणीवर साहेब स्वतः बसले. त्या सहा दिवसांच्या पुड्या अकरा. सोनं त्या अकरांतच होतं. एकही इकडेतिकडे नाही.

आणि फोटो तर भिंतीवरच होता. विभागाच्या बोळात जुन्या फोटोंची रांग होती, त्यातला चौथा. तरुण भिंगसर बाह्या वर करून चाळणीवर बसले आहेत, दोन्ही तळवे चिखलात, कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत. करंगळीशेजारच्या बोटात अंगठी. मागे शेडच्या दारात एक माणूस पत्र्याची डबी घेऊन उभा आहे, अर्धा सावलीत. ते अण्णा. कामावरचा नियमच होता: चाळणीला हात लावण्याआधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळं, सगळं त्या डबीत काढून ठेवायचं. तारेच्या जाळीवर हात घासताना अंगठीचा कण जरी झडला तरी नमुना खोटं बोलतो.

पाच वर्षं गोटी त्या फोटोसमोर रोज थांबायची. रोज ती बापाचा चेहरा बघायची. साहेबाच्या बोटाकडे तिचं लक्ष गेलं ते आत्ता, मागच्या महिन्यात. तिने कपाळावर हात मारून घेतला होता. तीच अंगठी आजही सरांच्या बोटात होती, झिजून तारेएवढी झालेली, आणि दगडाचा नमुना दाखवताना ती गोटीच्या नाकासमोर चमकायची.

साहेबाला नियम कोण सांगणार? साहेब अंगठी घालून बसला, नमुने नासवले, आणि खापर फोडलं हमालाच्या डोक्यावर. गोटीने कागद एकावर एक रचले. तिला इतका आनंद झाला की आपलाच हात आपण घट्ट धरला आहे हे तिला जरा वेळाने कळलं. सोमवारी प्रबंधावर मार्गदर्शकाची सही घ्यायची होती. पुढच्या महिन्यात सगळ्या विद्यापीठासमोर तो वाचायचा होता. ज्याच्या सहीने बाप बुडाला, त्याच्याच सहीने तो वर येणार होता. पण त्याआधी अण्णांना सांगायचं होतं. पहिल्यांदा त्यांना.

शनिवारी ती घरी गेली तेव्हा आई शिलाई मशीनवर होती. मशीनचं पायडल हललं की आईचं तोंडही हलायचं. गिऱ्हाईक, शेजारीण, वीज, सुईतला दोरा, सगळ्यांना पुरून उरल्यावर गाडी ठरलेल्या ठिकाणी यायची.

"आणि तो मेला मजेत असेल. खुर्चीत बसून. तळपट होवो त्याचं. माझ्या देवमाणसाला चोर ठरवलं. हे बघ, एकोणीस वर्षांत तुझ्या बापाच्या तोंडून त्याच्याबद्दल वाकडा शब्द नाही. एक नाही. असा माणूस शोधून सापडायचा नाही."

"अण्णा कुठेत?"

"कुठे असणार? दुकानात. शनिवारीसुद्धा. जा, जेवायला बोलाव."

सांगू का तुला आधी, असं गोटीच्या ओठांवर आलं. पण हा मान अण्णांचा होता. ती पिशवी तशीच खांद्यावर घेऊन निघाली.

दुकानाच्या मागच्या शेडमध्ये पात्यावर पाणी पडत होतं आणि काळ्या दगडाचा चिखल नाल्याकडे चालला होता. अण्णा पाठमोरे होते. डोक्याला फडकं, पायात रबरी बूट. तिला बघून त्यांनी मशीन बंद केलं. एकदम शांत झाल्यावर कानात थोडा वेळ शिट्टी वाजत राहिली.

"आज कशी काय? परीक्षा नाही?"

"अण्णा, सापडलं."

तिने एका कोरड्या फरशीवर कागद मांडले. ती भराभर बोलत होती. पुड्या, तांबं, चाळणारा रकाना, तेवीस आणि अकरा. अण्णा हात पुसत ऐकत होते. फोटोची प्रत ती पिशवीतून काढतच होती.

"अंगठी," अण्णा म्हणाले.

गोटीचा हात पिशवीतच राहिला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होतं. अण्णा एका उलट्या बादलीवर बसले.

"आदल्या दिवशी बोअरच्या दगडांच्या पेट्या उलट्या लागल्या होत्या. खालचा दगड वर, वरचा खाली. मी साहेबाला सांगितलं. बोअरवाले सगळे उभे होते. तो म्हणाला, तुला दगड उचलायचा पगार मिळतो, वाचायचा नाही. सगळे हसले. मागनं पेट्या फिरवून घेतल्या त्याने. माझ्याकडनंच."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी आला तो अंगठी घालून. लग्न ठरलं होतं, नवीकोरी अंगठी. सवय नव्हती, विसरला. मी डबी घेऊन दारात. तो समोरनं गेला." अण्णांनी बुटावरचा चिखल बोटाने खरवडला. "मी डबी पुढं नाही केली."

गोटीने पिशवीतून रिकामाच हात बाहेर काढला.

"म्हटलं, बसू दे चटका. दोन-चार नमुने बिघडतील, वरनं शिव्या पडतील, तेव्हा कळेल दगड कुणाला वाचता येतो ते. एक दिवसच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विसरला. तिसऱ्या दिवशी पण. मग मलाच त्यात गंमत वाटायला लागली, गोटे. खोटं कशाला सांगू."

"आणि सोनं निघालं तेव्हा?"

"त्याला खांद्यावर घेऊन नाचले. तेव्हा सांगायचं होतं, नाही सांगितलं. मग पुढचे बोअर सुरू झाले. रोज ठरवायचो, आज सांगतो. बोअर जितका खोल जाईल तितकं माझं तोंड जड."

"चौकशीत तरी?"

"चौकशीत काय सांगू? अंगठी होती म्हणून? मग विचारणार, तुला दिसत होती ना, तू काय करत होतास डबी घेऊन?" ते पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघत म्हणाले, "सोनं मिसळलं म्हणाले ते एका परीने बरं झालं. तो आळ खोटा होता. खोट्या आळाखाली मान वर ठेवता येते. खरं सांगितलं असतं तर तीही गेली असती."

गोटीला बापाचा राग आला. इतका राग तिला भिंगसरांचाही कधी आला नव्हता. लहानपणापासून तिचा एकच शत्रू होता, सोयीचा, दूर बसलेला. त्याच्यापायी तिने सहलींवर पाणी सोडलं, मैत्रिणी सोडल्या, पाच वर्षं दगड फोडले. आणि हा माणूस रोज संध्याकाळी आईच्या शिव्या ऐकत शांतपणे जेवत होता, आणि त्याचा देवमाणूस होत होता.

"म्हणून तुम्ही त्यांना कधी शिव्या दिल्या नाहीत."

"कुठल्या तोंडाने देऊ?"

"आई रोज देते."

"ऐकतो ना मी. रोज ऐकतो." अण्णा उठले. "तिला नको सांगूस. आणि त्याला सोड आता. त्याने मुद्दाम नव्हतं केलं."

"तुम्ही केलंत."

"हो," अण्णा म्हणाले. त्यांनी फडकं डोक्यावरून काढलं, झटकलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. "चल, आई वाट बघत असेल."

जेवताना आई पुन्हा सरांवर घसरली. अण्णांनी पाण्याचा तांब्या उचलून तिच्या भांड्यात पाणी ओतलं. पोट बिघडल्याचं सांगून गोटी ताटावरून उठली.

परतीच्या बसमध्ये तिने वहीच्या पानाची प्रत मांडीवर घेतली. शेवटचा रकाना होता 'हात तपासले'. त्याखाली अण्णांची सही, अकरा वेळा, गोल, सुबक, जरा डावीकडे झुकलेली. महिनाभर ती त्या सहीवरून बोट फिरवत होती. शिक्षण नसूनही बापाची सही किती देखणी, एवढंच तिच्या मनात यायचं. दगडातला कण ओळखणाऱ्या मुलीला मराठीतले दोन शब्द वाचता आले नव्हते.

वसतिगृहात तिने खोलीतल्या मुलीकडून कात्री मागून घेतली. रकाना कडेलाच होता. सरळ एक काप, आणि पुन्हा छायाप्रत. कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. तिने पान टेबलावर सपाट केलं, कात्री उघडली, आणि मिटून ठेवली. ती काही सत्यवचनी म्हणून थांबली नाही. तिच्या मनात वेगळंच आलं. सर हे पान बघतील. बुडताना माणूस काडीला धरतो, तसे ते त्या सहीला धरतील. म्हणतील, हात तपासायचं काम माझं नव्हतं, त्याचं होतं. पुन्हा एकदा खापर त्याच डोक्यावर. तिला ते बघायचं होतं. तसं झालं असतं तर तिचा शत्रू तिला परत मिळाला असता.

सोमवारी सकाळी भिंगसर खोलीत एकटेच होते. खिडकीत दगडांची रांग, टेबलावर अर्धा चहा. त्यांनी प्रबंध घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि सवयीप्रमाणे शेवटून वाचायला लागले, आधी तक्ते, मग मजकूर. गोटी उभीच राहिली.

"बस ना."

"ठीक आहे सर."

तांब्याच्या तक्त्यापाशी त्यांनी मान हलवली. "सुंदर काम. दागिन्यातलं सोनं. म्हणजे मिसळलंच होतं कुणीतरी." पान उलटलं. चाळणाऱ्यांचा तक्ता आला. पुढच्या पानावर फोटो होता, आणि त्यातल्या बोटाभोवती गोटीने लाल शाईने बारीक गोल काढला होता. गरजेपेक्षा जरा जास्तच गडद.

सरांनी गळ्यातलं भिंग उचललं आणि फोटोवर धरलं. वास्तविक भिंगाची काही गरज नव्हती. मग ते स्वतःच्या हाताकडे बघायला लागले. अंगठी काढून बघायचा त्यांनी प्रयत्न केला, पण बोट जाड झालं होतं, ती पेराच्या पुढे सरकेना.

"तो माणूस..." ते म्हणाले.

"माझे वडील."

सरांनी मान वर केली. ते कोसळतील, ओरडतील, नाकारतील, असं तिने पाच वर्षं वेगवेगळ्या तऱ्हेने रंगवलं होतं. ते नुसते तिच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत राहिले.

"एकदा शंका आली होती मला," ते म्हणाले. "इथे लागल्यावर, पहिल्या वर्षी. मग मनाशी म्हटलं, दारात डबी होती ना. आणि पुड्या कुलपात ठेवल्या. तपासल्या नाहीत. दोन तासांचं काम होतं."

"वहीचं पान बघा, सर," गोटी म्हणाली. "शेवटचा रकाना."

त्यांनी बघितलं. त्यांचं बोट सहीवरून खाली उतरत गेलं, अकराव्या सहीपर्यंत. आता, गोटीच्या मनात आलं. आता धर.

"या सह्या मी घ्यायचो," सर म्हणाले. "शनिवारी, सगळ्या एकदम. रोज कोण वही काढणार? 'कर रे सही' म्हणायचो, तो करायचा. बघ, सगळ्या एकसारख्या आहेत, हात एका दमात फिरलाय. त्याने माझे हात बघितलेच नसणार. मी समोरून गेलो की तो मान खाली घालायचा. मला वाटायचं, भिडस्त माणूस आहे."

"तुम्ही काही बोलला होतात त्यांना? कधी?"

"मी?" त्यांनी आठवायचा मनापासून प्रयत्न केला. गोटी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या बघत होती. "बोललो असेन काहीतरी. त्या वयात बोलायचो सगळ्यांना. आठवत नाही."

ज्या वाक्याने तिच्या घराची एकोणीस वर्षं खाल्ली, ते या माणसाला आठवतही नव्हतं. अण्णांनी मात्र ते शब्दाला शब्द जपून ठेवलं होतं.

सरांनी खण उघडून विभागाचा छापील कागद काढला आणि लिहायला बसले. मध्ये एकदा थांबून तिला वडिलांचं पूर्ण नाव विचारलं. लिहून झाल्यावर त्यांनी कागद तिच्याकडे फिरवला. नमुने माझ्या अंगठीमुळे दूषित झाले, शेड सांभाळणाऱ्याचा त्यात कोणताही दोष नव्हता, मी माझ्या अहवालातलं विधान मागे घेतो. खाली तारीख, सही. कुलगुरूंना एक प्रत, खाणखात्याला एक. मग त्यांनी प्रबंध ओढून घेतला आणि त्यावरही सही केली.

"पुढच्या महिन्यात तू वाचशील तेव्हा हे पत्र मी स्वतः वाचीन. लोक काय म्हणायचं ते म्हणोत."

पाच वर्षं जे हवं होतं ते सगळं एका कागदावर मिळालं होतं, आणि त्यातलं एक वाक्य खोटं होतं. ते कुठलं, हे या खोलीत फक्त तिला माहीत होतं. ती अंगठी अण्णांना दिसत होती, सर. पाच-सहा शब्दांपेक्षा जास्त लागले नसते. ते तिच्या दातांपर्यंत आले. तिने कागदाची घडी घातली.

"तुझे वडील... आहेत ना?"

"आहेत."

"मला त्यांना भेटायचंय. हे पत्र त्यांच्या हातात द्यायचंय. हात जोडायचेत त्यांच्यापुढे. तुझ्या आईपुढेही, तिच्यादेखत. ते येऊ देतील मला?"

नको म्हणायला हजार सबबी होत्या. अण्णांना बरं नसतं, ते कुणाला भेटत नाहीत, पत्र मीच नेऊन देते. सरांनी ऐकलं असतं. शिलाई मशीन थांबलेलं, आई दाराशी उभी, आणि तिच्यासमोर हा माणूस अण्णांपुढे वाकलेला, सगळं गोटीला स्वच्छ दिसलं. अण्णांचा चेहराही दिसला.

"या ना, सर," ती म्हणाली. "रविवारी या. दोघंही घरीच असतात."

"पत्ता?"

"पत्त्याने सापडायचं नाही. काढूनच देते."

सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. गोटी आता खुर्ची ओढून बसली. बसथांबा, पाण्याची टाकी, फरशीचं दुकान, त्याच्या मागची गल्ली आणि गल्लीतलं तिसरं घर, सगळं तिने नीट, मापात काढलं. कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढला आणि कागद त्यांच्या हातात दिला.